वाळ्याचं पाणी

१

व्हॅनमधली आमची सकाळ ठरलेली असायची. मृणालिनी गॅसवर चहा टाकायची. मी पांघरुणांच्या घड्या घालून बाकाखाली सरकवायचो, कपाटांच्या कड्या लावायचो आणि शेवटी पाण्याची टाकी भरायचो. टाकी मागच्या बाकाखाली होती आणि तिला लागूनच मुठीएवढा एक पंप. सिंकचा नळ उघडला की पाइपमधला दाब कमी होतो आणि पंप घुर्र करत सुरू होतो. नळ मिटला की तो गप्प. म्हणजे पंप वाजला की समजायचं, कुणीतरी पाणी घेतंय.

मी देवदत्त. ओहायोतल्या डब्लिनला नोकरीचं सगळं आयुष्य पंपांचं डिझाइन करण्यात गेलं, त्यामुळे या छोट्या पंपावर माझा जरा जास्तच जीव होता. मृणालिनी तिथल्याच एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमध्ये डॉक्टर होती. वर्षभरापूर्वी तिला छोटासा स्ट्रोक आला. वाचा, स्मरण, चालणं, सगळं नीट परत आलं, फक्त डाव्या हाताची पकड तेवढी आली नाही. तिनं त्याच आठवड्यात राजीनामा दिला. त्यानंतर ती घरात असायची, पण नसल्यासारखी. व्हॅनची कल्पना माझी. तिनं एकच अट घातली होती, टाकीतल्या पाण्याला प्लॅस्टिकचा वास येता कामा नये. म्हणून टाकीच्या तोंडातून मलमलीत बांधलेली वाळ्याची पुरचुंडी दोऱ्यानं आत सोडलेली असायची.

"पंपात मुळं अडकली तर?" मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो.

"तर तू काढशील. इंजिनिअर आहेस ना?"

बऱ्याच दिवसांनी ती असं बोलली होती. मग मी वाद घातला नाही.

त्या दिवशी आम्ही अ‍ॅरिझोनाच्या दक्षिण भागात, सरहद्दीलगतच्या एका बंद मुलखाच्या गेटवर उभे होतो. कधीकाळी तिथं बॉम्बचा सराव चाले. आता आत कुणी राहत नाही आणि कुणाला जाऊही देत नाहीत. वसंतात थोडे दिवस मोजक्या गाड्यांना सोडतात. एका गेटनं आत जायचं आणि सूर्य मावळायच्या आत दुसऱ्या गेटनं बाहेर पडायचं. आमच्या मुलीनं, अंतरानं, जर्सी सिटीत बसून आमचा परवाना काढून दिला होता.

गेटवरच्या खाकी टोपीवाल्यानं डॅशबोर्डवर एक छोटी डबी चिकटवली. तिच्यावर हिरवा दिवा होता.

"गाडी फक्त पांढऱ्या खांबांपाशी थांबवायची. दुसरीकडे थांबलात की हा लाल होतो. रस्त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, न फुटलेले बॉम्ब आहेत. कुणी माणूस दिसला तर थांबायचं नाही, गाडीत घ्यायचं नाही. पलीकडच्या गेटवर येऊन सांगायचं. आणि मागे काही सोडायचं नाही. पाणीसुद्धा."

"पाणी का नाही?" मृणालिनीनं विचारलं.

"नियम आहे, मॅम," तो म्हणाला आणि फाटक उघडलं.

२

आत फोनचा सिग्नल गेला. विजेचे खांब नाहीत, पाट्या नाहीत, कुंपणंसुद्धा नाहीत. दोन्ही बाजूंना भाजलेली जमीन आणि हात वर केलेले उंच सग्वारो, निवडुंगच ते, पण दोन मजली घराएवढे. ऊन इतकं पांढरं की डोंगर त्यात विरघळून गेले होते. तरीही मला प्रसन्न वाटत होतं. मृणालिनी खिडकीबाहेर बघत होती आणि मधूनच "ते बघ" म्हणत होती.

पहिला पांढरा खांब दिसायच्या थोडं आधी मागे पंप वाजला.

घुर्र. मग गप्प.

"नळ नीट मिटला नव्हतास का?" मी विचारलं.

"चहाची भांडी तू धुतलीस," ती म्हणाली.

मी हसलो. खडबडीत रस्ता, नळाची दांडी हादऱ्यांनी जराशी उचलली गेली असेल. नाहीतर पाइपात हवा धरली असेल. हवा धरली की पंप असा अधूनमधून उचकी देतो, यात नवल काही नाही. खांबापाशी गाडी थांबवून मी मागे गेलो. नळ मिटलेला होता. सिंक कोरडं. बाकाखाली हात घालून पाहिला, कुठं ओल नाही, गळती नाही. टाकीचा काटा तेवढा मी भरली होती त्यापेक्षा खाली आला होता.

उन्हात उभ्या गाडीचा काटा खोटं दाखवू शकतो. मी तसं म्हणालोसुद्धा, जरा मोठ्यानंच.

३

पुढच्या टप्प्यात तो पुन्हा वाजला. मग पुन्हा. मृणालिनी पट्टा सोडून मागे गेली आणि सिंकसमोरच्या सीटवर जाऊन बसली. समोरच्या आरशात मला ती दिसत होती, मांडीवर डावा हात उजव्या हातात धरून.

"काही दिसतंय?"

"नाही."

घुर्र झालं. आरशात तिनं मान उचलली.

"मृणाल?"

"दांडी वर गेली," ती म्हणाली. "आपली आपण. पाणी आलं. आता मिटली."

"हादऱ्यानं."

"देवदत्त, हादऱ्यानं वर जाईल. हळूच खाली कशी येईल? कुणी आवाज होऊ न देता मिटवावी तशी आली."

मी दुसऱ्या पांढऱ्या खांबापाशी थांबलो आणि पंपाचं बटण बंद केलं. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून झाकण काढून त्याचा फ्यूज उपसला आणि शर्टाच्या खिशात टाकला. मग गाडीखाली वाकून सांडपाण्याची टाकी तपासली. सिंकमधून जे वाहून जातं ते तिच्यात साठतं. तिच्यात सकाळच्या भांड्यांचं पाणी होतं तेवढंच होतं. वरच्या टाकीतलं पाणी मात्र निम्म्याच्या खाली गेलं होतं.

मी तिथं गुडघे टेकून बराच वेळ बसलो. पाणी आहे, ते कुठंतरी जाणारच. जमिनीवर पडेल, टाकीत जाईल, वाफ होईल. याखेरीज चौथी गोष्ट मी आयुष्यात शिकलो नव्हतो.

गाडी सुरू केली. डोंगरांची एक रांग मागे पडली. मागे सगळं शांत होतं. मी सुटकेचा श्वास टाकत होतो, तोच पंप वाजला.

मी खिसा चाचपला. फ्यूज माझ्या छातीशी होता आणि पंप चालू होता.

४

त्यानंतर आवाज बदलला. आधी तो सावकाश, थांबून थांबून यायचा. आता घुर्र, गप्प, घुर्र, गप्प, असा चालला होता, जणू एकानं घेतलं की लगेच दुसरा पुढे सरकतोय. मान वळवायची माझी छाती होत नव्हती. आरशातही मी बघत नव्हतो. हात घामानं स्टिअरिंगला चिकटले होते. त्या उन्हात, त्या लख्ख दुपारी, मला अंधारात वाटावी तशी भीती वाटत होती. अंधारात निदान दिवा लावता येतो.

बाजूच्या सरकत्या दाराला आतून कडी होती. तरी मृणालिनी म्हणाली, "पायरीवर पाणी सांडलंय. दारापर्यंत थेंब गेलेत."

"आपण थेट गेट गाठू," मी म्हणालो. "बाहेर पडल्यावर काय ते बघू."

रस्ता एका कोरड्या ओढ्याच्या बाजूनं वळला. आवाज वाढत गेला, इतका की दोन घुर्रमध्ये अंतरच उरलं नाही. आणि वळण ओलांडलं तसा एकदम थांबला.

ती शांतता वाईट होती. चाकांखालच्या खड्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

"गाडी मागे घे," मृणालिनी म्हणाली.

"काय?"

"मागे घे. आपण पुढे आलो."

"कशाच्या पुढे? मृणाल, इथं खांब नाहीये. लाल दिवा लागेल. थांबता येत नाही इथं."

ती मागून उठून माझ्या खांद्याशी आली. तिचा आवाज खूप दिवसांनी तसा ऐकला. हॉस्पिटलमधून घरी फोन यायचा, तेव्हा मागे कुणाला तरी ती सूचना देत असायची, तो आवाज.

"पाणी कुठंतरी नेलं जातंय. कुणीतरी कुणासाठी तरी नेतंय. मागे घे."

मी गाडी मागे घेतली. वळणावर थांबलो. डबीवरचा हिरवा दिवा विझला आणि लाल लागला.

५

दार सरकवलं तेव्हा उन्हाची झळ थोबाडीत मारल्यासारखी आली. पायरीखालच्या धुळीत पाण्याचे थेंब होते. पैशाएवढे, काळपट, ओळीनं. रस्त्यावरून उतरून ते ओढ्याकडे गेले होते. आम्ही बघत असताना पहिला थेंब कडेनं आक्रसला आणि सुकून गेला. मग दुसरा. म्हणजे ते आत्ता, या क्षणी पडले होते. आजूबाजूला पाऊल एकही नव्हतं.

मृणालिनी खाली उतरली.

"बॉम्ब आहेत," मी म्हणालो. "सांगितलंय त्यानं."

"मग थेंबांवरून चल. जिथं पडलेत तिथून कुणीतरी गेलंय."

मी तिच्यापुढे झालो. माझ्या बुद्धीनं त्या वेळी फक्त एक काम केलं, पाय कुठं ठेवायचा ते सांगितलं. एका ओल्या ठिपक्यावर टाच, पुढच्या ठिपक्यावर चवडा. मागे मृणालिनी माझ्या पट्ट्याला धरून. ठिपके सुकत होते, आम्ही घाई करत होतो, आणि घाई केली तर चुकेल म्हणून जपत होतो. एका जागी ओळ सरळ न जाता अर्धवर्तुळ घेऊन वळली. मधल्या मातीतून गंजलेल्या लोखंडाची एक कड वर आली होती. मी तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

ओढ्याच्या काठाखाली हिरव्या सालीचं एक झाड होतं. त्याच्या फाटक्या सावलीत एक बाई पडली होती.

चाळिशीची असेल. अंगात पुरुषाचा शर्ट, एका पायात बूट नाही. ओठ फुटून काळे पडलेले. मला वाटलं, आम्हाला उशीर झाला. मृणालिनी तिच्याशेजारी बसली, मानेवर बोटं ठेवली.

"आहे," ती म्हणाली. "नाडी आहे."

मग ती थबकली. बाईच्या कपाळाला हात लावून तिनं माझ्याकडे पाहिलं. बाईचे केस ओले होते. शर्टाची कॉलर ओली होती. डोक्याखालची वाळू भिजून घट्ट झाली होती. मैलोन्‌मैल ज्या जमिनीत ओलीचा मागमूस नव्हता, तिथं ही बाई कुणी न्हाऊ घातल्यासारखी पडली होती.

मी वाकलो, आणि मला वास आला. उन्हाळ्यात माठातल्या पाण्याला येतो तो. वाळ्याचा.

"मृणाल."

"मला आलाय तो वास," ती म्हणाली. "नंतर बोलू. आता ओली चादर आण, पाणी आण, साखर-मीठ आण. आलास त्याच पावलांवरून जा."

मी गेलो आणि आलो. धुळीत आता फक्त आमची पावलं होती. मृणालिनीनं तिला चादरीत गुंडाळलं, काखेत आणि मानेला ओले रुमाल लावले आणि मला पुठ्ठ्यानं वारा घालायला बसवलं. बाई गिळायला लागल्यावर ती चमच्यानं पाणी देऊ लागली. डाव्या हातात पेला होता. तो थरथरत होता, थोडं सांडत होतं, पण तिनं हात बदलला नाही.

बाईनं डोळे उघडले. काहीतरी पुटपुटली. स्पॅनिश होतं, आम्हाला कळलं नाही.

"एकटी नाहीस तू," मृणालिनी तिला मराठीत म्हणाली. "आम्ही आहोत."

बाईनं आमच्याकडे नाही, आमच्या मागे बघितलं. आणि होकारार्थी मान हलवली.

६

दोघांच्या खांद्यांवर तिचे हात घेऊन आम्ही तिला गाडीत आणलं, मागच्या बाकावर झोपवलं. मृणालिनी तिच्या उशाशी बसली, एक हात तिच्या मनगटावर, दुसऱ्यात चमचा. मी गाडी हाकली. लाल दिवा विझत नव्हता आणि मला त्याची फिकीर उरली नव्हती.

थोड्या वेळानं पंप सुरू झाला.

या वेळी मी आरशात पाहिलं. कारण न बघणं त्याहून कठीण झालं होतं.

मृणालिनीचे दोन्ही हात मला दिसत होते. बाई डोळे मिटून पडली होती. सिंकचा नळ उघडा होता आणि त्यातून पाण्याची धार पडत होती. ती सिंकपर्यंत पोचत नव्हती. मध्येच, हवेत, पाणी साठत होतं. खालून गोल, वरून सपाट, कडांना बोटांएवढ्या फटी, आणि त्या फटींतून थेंब गळणारे. ओंजळ होती ती. पाण्याची ओंजळ होती, हात नव्हते.

ती जरा वर उचलली गेली. रिकामी झाली. मग तिथं दुसरी आली, पहिलीपेक्षा पुष्कळ लहान. नळापर्यंत पुरत नव्हती ती. खालून दुसऱ्या कुणीतरी तिला वर उचलून धरल्यासारखी ती धारेखाली आली.

गाडी वाळूत घसरली. मी ती सावरली. पुन्हा आरशात पाहायचं धाडस झालं नाही. पाहिलं ते एवढंच.

"देवदत्त," मृणालिनी हळू म्हणाली. तिलाही दिसत होतं. "नळ मिटायला उठू नकोस."

"नाही उठत."

"घेऊ दे."

गेट दिसेपर्यंत तो आवाज चालू होता. घाईचा नव्हता आता. मला आश्चर्य याचं वाटतं की शेवटी शेवटी माझी भीती गेली होती. पाहुणे जेवत असताना यजमान जसा मध्ये बोलत नाही, तसा मी गप्प बसून गाडी चालवत होतो. फाटकाच्या थोडं अलीकडे पंपानं कोरडा खडखडाट केला. टाकी संपली होती.

७

पलीकडच्या गेटवर पिकल्या केसांची एक अधिकारी बाई होती. तिनं लाल दिवा पाहिला, मग मागे झोपलेल्या बाईला पाहिलं, आणि आधी रेडिओ उचलला. हेलिकॉप्टर येईपर्यंत मृणालिनी तिला भराभर सगळं सांगत होती, नाडी, ताप, किती पाजलं. मी गाडीला टेकून उभा होतो.

"त्या ओढ्याच्या काठाखालचं काही रस्त्यावरून दिसत नाही," अधिकारी बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली. "तुम्हाला ती सापडली कशी?"

"आमचं पाणी गळत होतं," मी म्हणालो. यापेक्षा खरं मला काही सुचलं नाही.

तिनं व्हॅनकडे पाहिलं. "टाकीत किती उरलंय?"

"काहीच नाही."

"या रस्त्यानं येणाऱ्या सगळ्या गाड्या रिकाम्याच बाहेर येतात," ती म्हणाली. "लोक गाडी भाड्यानं देणाऱ्यांच्या नावानं ओरडतात. तुम्ही पहिलेच, जे थांबलात."

आणखी काही विचारायच्या आत ती वळून गेली.

त्या बाईचं नाव एल्विरा. हॉस्पिटलमध्ये तिची किडनी हळूहळू कामाला लागली. तिची बहीण टूसॉनला असते, तिनं वकील मिळवला, आणि एल्विराला निदान सुनावणी होईपर्यंत बहिणीकडे राहायची परवानगी मिळाली. आम्हाला त्या मुलखात पुन्हा कधीच जाता येणार नाही असं कळवण्यात आलं. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही.

आम्ही त्या हॉस्पिटलच्या गावातच थांबलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी तिला भेटायला गेलो. नर्स दुभाषी झाली. एल्विरानं मृणालिनीचा डावा हात धरून ठेवला होता.

"सरहद्द ओलांडायला ज्यांच्याबरोबर निघाले ते पुढे गेले," ती म्हणाली. "मी पडले. मग कुणीतरी पाणी आणायला लागलं. हातात किती राहणार? येईपर्यंत सांडायचं. तळहाताला लागलेलं तेवढं माझ्या तोंडाला पुसायचे आणि पुन्हा जायचे. मी म्हटलं, तुम्ही घ्या, तुम्हालाही तहान लागलीय. पण माझं होईपर्यंत कुणी एक थेंब घेतला नाही."

"कोण होते?" मी विचारलं.

तिनं नर्सकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "ओळखीचं कुणी नव्हतं," ती म्हणाली.

तापाच्या ग्लानीत माणसाला पुष्कळ काही दिसतं. हे मला माहीत आहे, मृणालिनीला माझ्याहून जास्त माहीत आहे. बाहेर येऊन आम्ही दोघं बाकावर बसलो. तेवढ्यात अंतराचा फोन आला.

"बाबा, व्हेन आर यू गाइज कमिंग होम? आय वॉज सो वरीड, यार! आईला दे."

मृणालिनीनं फोन घेतला. "अगं, इथं गावात एक छोटा दवाखाना आहे," ती म्हणाली. "सरहद्द ओलांडताना उन्हानं, तहानेनं आडवे झालेले लोक तिथं येतात, जे वाचतात ते. उन्हाळ्यात त्यांना माणसं पुरत नाहीत. मी काल त्यांच्या डॉक्टरशी बोलले. सोमवारपासून येते म्हटलंय."

"बट आई, युवर हँड?"

"हात थरथरतो. एका हातानं धरेन, दुसऱ्यानं टोचेन. नाहीतर नर्स धरेल." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "बाबांना मी अजून विचारलेलं नाही."

विचारायची गरज नव्हती. मी उठलो आणि तीन-चार महिने व्हॅन उभी करता येईल अशी सावली शोधायला निघालो.